एसी लोकल की पंधरा डब्यांची साधी लोकल?

मुंबईत पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर धावली. तिचे दरवाजे आपोआप बंद होतात, म्हणून दारात लोंबकळणं नाही. माझ्या लेखी हाच तिचा सर्वात मोठा गुण, गारवा नंतर. पण गर्दीच्या वेळी वेळापत्रकात नवी फेरी बसवायला जागाच नसते. साधी लोकल काढून तिथे एसी आणली, की साधा पास असलेले फलाटावरच राहतात. २०२२ मध्ये कळवा, बदलापूरचे प्रवासी त्यासाठीच आंदोलनाला उतरले.

पंधरा डब्यांची गाडी त्याच वेळेत बारा डब्यांपेक्षा पाव पट जास्त माणसं नेते, तीही जुन्याच भाड्यात. फलाट मात्र लांबवावे लागतात. तरी आधी डबे वाढवा.