एटना की नाशिक? ज्वालामुखीच्या मातीतल्या दोन रेड वाइन

घोडबंदरला राहणारा मावसभाऊ घरच्या जेवणासाठी रेड वाइन घेताना अडलाय: इटलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारांवरची एटना रोसो की नाशिकची, शिराझ द्राक्षाची वाइन? लेबलावरचं कवित्व बाजूला ठेवू.

माती दोन्हीकडे ज्वालामुखीचीच. नाशिकचा बेसॉल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, झिजलेला. सिसिलीतला एटना मात्र अजून धुमसतो. उतारांवर वाळूसारखी काळी राख, लाव्हाच्या दगडांचे बांध, काही मळे तर हजार मीटरच्या आसपास. अशा वाळूत मुळं खाणारी फिलॉक्सेरा कीड फोफावत नाही, म्हणून तिथे काही जुन्या वेली, कीड सोसणाऱ्या दुसऱ्या मुळांवर कलम न करताही, टिकल्या. नेरेल्लो मास्कालेझे द्राक्षाची ही वाइन रंगाला फिकी, चवीला आंबटसर, पण चांगलीच तुरट.

परंपरेत बरोबरी नाहीच. एटनाला अधिकृत दर्जा 1968 पासून. दगडी 'पाल्मेंतो'त, म्हणजे रस काढायच्या जुन्या घाण्यात, पायांनी द्राक्षं तुडवण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी. नाशिकचा जम बसला तो 2000 नंतर.

किंमत? आयात शुल्कामुळे एटना कित्येक पट महाग.

दहा-बारा पाहुणे आणि मटणाचा रस्सा असेल तर शिराझच. तिखटापुढे एटनाचा नाजूकपणा वाया जातो. दोघं-तिघं, भाजलेलं चिकन किंवा मश्रूम असेल तर एटना, किंचित गार करून. मळाच बघायचा असेल, तर जानेवारी ते मार्चमध्ये कसारा घाट चढावा. तोडणी तेव्हा चालू असते.