एक्स५ की आरएक्स ४५०एच? वापरलेली घेताना आधी खाली वाकून टायर बघा

तुलना दोनच गाड्यांची आहे: बीएमडब्ल्यूची एफ१५ पिढीतली एक्स५ (२०१३ ते २०१८) आणि लेक्ससची चौथ्या पिढीतली आरएक्स ४५०एच (२०१५ ते २०२२), जी हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेच्या मोटरवरही चालते. ताकद, सनरूफ, स्पीकर हे सगळं जाहिरातीत लिहिलेलं असतंच, ते इथे सोडून देतो.

चालवायला कोणती चांगली, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. एक्स५. स्टिअरिंग हातात भरीव लागतं, वळणावर गाडी अंग टाकत नाही, आणि झेडएफ या कंपनीचा आठ गिअरचा गिअरबॉक्स आजही नव्या गाड्यांना लाजवेल असा आहे. आरएक्स त्यामानाने आळशी वाटते. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि गाडी मागाहून येते. चाचणीची फेरी मारून निर्णय घेणारा माणूस दहापैकी आठ वेळा एक्स५ घेऊन घरी जाईल, असा माझा अंदाज आहे. पण दहा वर्षांची गाडी एका फेरीवर घ्यायची नसते.

एक्स५ मध्ये सगळं इंजिनावर अवलंबून आहे. ३०डी या प्रकारातलं एन५७ हे सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन मुळात दणकट. त्याची टायमिंग चेन मात्र मागच्या, गिअरबॉक्सकडच्या बाजूला आहे, त्यामुळे तिचं काम निघालं की नुसतं पुढचं झाकण उघडून भागत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना स्टार्ट करा आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांत मागच्या बाजूने खरखर येते का ते ऐका. गाडी आधी गरम करून ठेवू नका, असं विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा, आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवायला संकोच करू नका. दुसरं म्हणजे ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग. त्यातून झिरपलेलं कूलंट काजळीत मिसळून पेट घेऊ शकतं, म्हणून कंपनीने २०१८ पासून मोठ्या संख्येने डिझेल गाड्या परत बोलावल्या. तुमच्या गाडीवर ते काम लागू होतं का आणि झालंय का, हे चॅसी नंबरवरून कळतं. गाडी फक्त शहरात, चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी वापरली असेल तर डीपीएफमधल्या (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधल्या) काजळीचा आकडा स्कॅनरवर बघितल्याशिवाय बोलणी करू नका.

३५आय पेट्रोलमध्ये (एन५५) तेलगळतीच्या दोन ठरलेल्या जागा आहेत: व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट आणि ऑइल फिल्टर हाउसिंगची गॅस्केट. दुसरी जास्त घातक, कारण तिचं तेल खाली बेल्टवर ठिबकतं. तेलकट बेल्ट सुटला आणि पुढच्या क्रँक सीलमधून (क्रँकशाफ्टभोवतीच्या तेल अडवणाऱ्या सीलमधून) आत ओढला गेला, तर इंजिन उघडावं लागतं. टॉर्च घेऊन बेल्टच्या कडा बघा. वॉटर पंप विजेवर चालणारा आहे आणि तो बंद पडण्याआधी फारशी सूचना देत नाही. तो बदलल्याचं बिल असेल तर ती जमेची बाजू धरा. ५०आय चा व्ही८ मी तरी यादीतच ठेवणार नाही. टर्बो दोन सिलिंडर-हेडच्या मधल्या खोबणीत बसवलेत, त्या उष्णतेने व्हॉल्व्हचे सील कडक होतात आणि इंजिन तेल पिऊ लागतं. तरी मन होत असेल तर दहा मिनिटं आयडलवर ठेवून मग एकदा रेस करा आणि मागे उभ्या माणसाला धुराचा रंग विचारा.

गिअरबॉक्सबद्दल ‘आयुष्यभर तेल बदलायला नको’ असं ऐकाल. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं सांगते. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, म्हणजे अख्खा पॅन बदलायचा.

इथपर्यंतचं सगळं सांभाळता येण्यासारखं आहे. माझ्यासाठी पारडं फिरलं ते टायरांपाशी.

२० इंची रिमवरच्या बऱ्याच एक्स५ ना पुढे २७५/४० आणि मागे ३१५/३५ असे वेगळे टायर येतात (पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के). बाजूची उंची पुढे ११० मिमी, मागे ११०.२५ मिमी. म्हणजे व्यास जवळजवळ सारखा, ७२८ च्या आसपास. ही बरोबरी मुद्दाम साधलेली आहे, कारण पुढच्या-मागच्या चाकांचे फेरे जुळले तरच ट्रान्सफर केसमधल्या (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या पेटीतल्या) क्लचला आराम मिळतो. पण रुंदी वेगळी असल्याने पुढचे टायर मागे टाकता येत नाहीत. गाडीचा जोर मुख्यतः मागच्या चाकांवर, त्यामुळे मागचे आधी झिजतात. मागची नक्षी पुढच्यापेक्षा ४ मिमी जास्त झिजली की व्यासात ८ मिमीचा, म्हणजे एक टक्क्याहून थोडा जास्त फरक पडतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मग सरळ रस्त्यावरही क्लचच्या प्लेटा एकमेकींवर घासत राहतात, तेल तापतं आणि मरतं. हलका अ‍ॅक्सिलरेटर देऊन वेग घेताना गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरली, किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू रिव्हर्स घेताना अडखळत उडी मारली, तर रोग तिथे आहे.

त्यात हे टायर बहुधा रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, आणि स्टेपनी बहुतेक गाड्यांत नाहीच. साधारण ८० किलोमीटर जाता येतं, हे खरं. पण हवेविना चाललेल्या रन-फ्लॅटला पंक्चर काढून पुन्हा वापरणं टायरवाले टाळतात, ते बरोबरच आहे, कारण आतून बाजू भरडलेली असते. मग एक नवा टायर घ्यायचा, तर जोडीचा अर्धा झिजलेला. म्हणून दोन घ्यायचे. मग पुढचे जुळत नाहीत. एका खिळ्यापायी चार टायर अशी ही साखळी आहे, आणि ती गाडी विकेपर्यंत संपत नाही. बाकी दुरुस्त्या एकदा करून मोकळं होता येतं, ही दर दोनेक वर्षांनी दार वाजवते.

आरएक्स ४५०एच मध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलला स्वतःची मोटर आहे. पुढून मागे जाणारा शाफ्ट नाही, ट्रान्सफर केस नाही. चारही टायर एकाच मापाचे, २३५/६५ आर१८ किंवा २३५/५५ आर२०, त्यामुळे ८-१० हजार किलोमीटरवर पुढचे-मागचे अदलाबदल करून चारही सारखे झिजवता येतात. (साध्या आरएक्स ३५० ला मात्र शाफ्ट आणि मागे कपलिंग आहे, तिथे मापं सारखी असली तरी झिजेवर लक्ष हवंच.) शिवाय हायब्रिडला वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, आणि पुढची गिअरव्यवस्था म्हणजे ग्रहमालेसारखे दातेरी चक्रांचे संच. झिजणारा क्लच त्यात नाही.

लोक घाबरतात ते हायब्रिड बॅटरीला. मागच्या सीटखाली निकेल-मेटल हायड्राइडची २८८ व्होल्टची बॅटरी आहे आणि तिला थंड ठेवणारी हवा गाडीच्या आतूनच, सीटखालच्या जाळ्यांतून जाते. तपासणी तिथून सुरू करा: जाळ्यांत धूळ आणि कुत्र्याचे केस भरले असतील तर बॅटरी तापत आली आहे, असं समजा. मग गाडी चढावर न्या. स्क्रीनवरचे बॅटरीच्या चार्जचे खण झपाझप उतरून तितक्याच झपाझप भरत असतील आणि पंखा मोठ्याने ओरडत असेल, तर बॅटरीतला एखादा ब्लॉक (सेलांचा गट) दमलेला आहे. हायब्रिड वाचणारा स्कॅनर असेल तर जोर पडताना सगळ्या ब्लॉकांचे व्होल्टेज एकत्र बघा. एकच एक खाली पडत असेल तर तोच.

थंड स्टार्ट इथे ऐकायला जरा युक्ती लागते, कारण ‘रेडी’चा दिवा लागल्यावर इंजिन लगेच बंदही पडतं. हीटर कमाल तापमानावर ठेवा, इंजिन चालू राहील. वॉटर पंपाभोवती गुलाबी वाळलेला थर दिसला तर कूलंट झिरपतंय. इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या यंत्राच्या) कूलंटची टाकी वेगळी असते, तीही बघा. ब्रेकचं काम बरंचसं मोटरच करते, त्यामुळे पॅड खूप टिकतात पण मागच्या डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपरच्या पिना जाम होतात. चाक उचलून हाताने फिरवा.

आरएक्सचा खरा वैताग डॅशबोर्डवर आहे. २०१९ च्या बदलांपूर्वीच्या गाड्यांत स्क्रीन बोटाने चालत नाही, मधल्या कन्सोलवरच्या कंट्रोलरने कर्सर सरकवावा लागतो. रस्त्यावर नजर ठेवून ते जमत नाही. सवय होते असं म्हणतात, माझ्या मते फक्त तक्रार करायचा कंटाळा येतो. शक्य असेल तर नंतरची, टचस्क्रीनची गाडी शोधा.

दोन्हीकडे लागू पडणारं थोडक्यात. रंगाची जाडी मोजा. कंपनीचा रंग साधारण ८० ते १६० मायक्रॉन असतो, एखाद्याच पत्र्यावर ३०० दिसले तर तो पुन्हा रंगवलाय. ओबीडीवर (गाडीचा संगणक वाचणाऱ्या जोडणीवर) दोष नाहीत यावर खूश होऊ नका, रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्यात का, ते बघा. ते अपूर्ण असतील तर दोषांचे कोड बहुधा नुकतेच पुसलेत. एक्स५ मध्ये किलोमीटर एकाहून जास्त मॉड्यूलमध्ये साठतात, ते एकमेकांशी ताडून बघा. डिकीची फळी उचलून खाली ओल आहे का हात फिरवा, कारण एक्स५ ची बॅटरी तिथेच असते. ती बदलली असेल तर नवी बॅटरी गाडीच्या संगणकात नोंदवली का, तेही विचारा.

स्टिअरिंगचा मोह सुटत नसेल तर एक्स५ जरूर घ्या, फक्त चारही बाजूंना २५५/५० आर१९ किंवा २५५/५५ आर१८ असलेली शोधा. मग नक्षीचा गेज घेऊन प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी माप घ्या: आतली कड, मध्य, बाहेरची कड. चारही टायरांत २ मिमीहून जास्त फरक नको. टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगणारे, बाजूवरच्या कोडमधले शेवटचे चार आकडे चारही टायरांवर वाचा. मागचे दोन कोरे आणि पुढचे अर्धे झिजलेले दिसले, तर पैसे देण्याआधी ट्रान्सफर केसचं तेल काढून पांढऱ्या कापडावर बघा.