सर्जिकल रिस्क कॅल्क्युलेटर: अ‍ॅड्रिनलच्या गाठीसाठी कितपत उपयोगी?

अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचा ‘सर्जिकल रिस्क कॅल्क्युलेटर’ मी भूलपूर्व तपासणीच्या खोलीत नेहमी वापरते. पित्ताशय, हर्निया, आतडे अशा रोजच्या शस्त्रक्रियांसाठी त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. मात्र मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ काढायची असते, तेव्हा या साधनावर किती विसंबावे हा प्रश्न वेगळा आहे.

२०१३ मध्ये त्याची मांडणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यामागे ३९३ रुग्णालयांतील १४ लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी होत्या. संकेतस्थळ मोफत आहे आणि भाषा फक्त इंग्रजी. शस्त्रक्रियेचे नाव टाकले की वय, उंची, वजन, मधुमेह, धूम्रपान, डायलिसिस, दैनंदिन हालचाल असे वीसेक प्रश्न येतात. ते भरले की पुढच्या ३० दिवसांत न्यूमोनिया, हृदयविकार, जखमेतील संसर्ग, रक्ताची गुठळी, मृत्यू इत्यादींची शक्यता आडव्या पट्ट्यांनी दिसते आणि ती सरासरीपेक्षा कमी की जास्त हेही कळते. भरायला पाच मिनिटे पुरतात. ‘गंभीर गुंतागुंत’ या एकाच पट्टीत हृदय बंद पडणे आणि मूत्रमार्गाचा संसर्ग दोन्ही मोजलेले असतात, हे मात्र नातेवाइकांना आकडा सांगण्याआधी डॉक्टरांनी ध्यानात ठेवलेले बरे.

आता उदाहरण घेऊ. अठ्ठेचाळीस वर्षांच्या एक बाई, उजव्या बाजूला सहा सेंटिमीटरचा फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे अ‍ॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरके रक्तात ओतणारी गाठ. डोकेदुखी, धडधड आणि घामाने पदर भिजणे हे त्यांचे नेहमीचे दुखणे. दोन आठवडे प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध चालू आहे, मीठ आणि पाणी भरपूर घ्यायला सांगितले आहे, आणि मी त्यांचा रक्तदाब बसवून, मग उभे करून मोजते आहे. कॅल्क्युलेटर विचारतो: रक्तदाबासाठी औषध लागते का? उत्तर ‘हो’. शेजारच्या खुर्चीवर बसलेले त्यांचे यजमान रोज सकाळी अ‍ॅम्लोडिपिनची एक गोळी घेतात. त्यांचा अर्ज भरला असता तरी याच चौकोनात हीच खूण पडली असती. गाठीला हात लागताच ज्यांचा रक्तदाब दोनशेच्या वर उसळू शकतो आणि तिची शीर बांधताच कोसळू शकतो, त्या बाई आणि हे गृहस्थ या एका प्रश्नापुरते सारखेच ठरतात.

कुशिंगच्या, म्हणजे कॉर्टिसॉल हे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड जास्त स्रवण्याच्या आजाराच्या, रुग्णाबाबत तर हा घोटाळा अधिकच ठळक होतो. प्रश्न असा की, जुनाट आजारासाठी स्टेरॉइड घेता का? रुग्णाने आयुष्यात स्टेरॉइडची गोळी घेतलेली नसते, म्हणून प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे येते. पण त्याच्या गाठीतून कॉर्टिसॉल वर्षानुवर्षे पाझरत असल्यामुळे कातडी कागदासारखी पातळ झालेली असते, जखम भरायला वेळ लागणार असतो आणि पायात गुठळी होण्याची भीतीही वाढलेली असते. शिवाय निरोगी बाजूची ग्रंथी दीर्घकाळ झोपलेली असल्याने, गाठ काढल्यावर कित्येक महिने कॉर्टिसॉलऐवजी बाहेरून हायड्रोकॉर्टिसोन द्यावे लागू शकते. ३० दिवसांच्या चौकटीत हे मावत नाही, आणि मावले असते तरी त्यासाठी पट्टीच नाही. अ‍ॅड्रिनलची कमतरता, फिओक्रोमोसायटोमा काढल्यानंतर अचानक घसरणारी रक्तशर्करा, कॉन आजारात (अ‍ॅड्रिनलमधून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त स्रवते तो आजार) शस्त्रक्रियेनंतर वाढू शकणारे पोटॅशियम, यांपैकी काहीही निकालाच्या यादीत नाही.

गाठीचा आकार आणि बाजूही विचारली जात नाही. उजव्या ग्रंथीची मुख्य शीर आखूड असून थेट महाशिरेला मिळते, म्हणून तिथे शल्यविशारदाचा हात अधिक जपून चालतो, हे त्या अर्जाला ठाऊक नसते. दुर्बीण पोटातून घातली काय आणि पाठीकडून घातली काय, अर्जात शस्त्रक्रियेचा संकेतांक एकच.

यावर उतारा म्हणून शल्यविशारदाला अंदाज दोन पायऱ्यांनी वर सरकवता येतो. सोय चांगली आहे. परंतु अंदाज वाढवताच येतो, कमी करता येत नाही, आणि किती वाढवायचा हे शेवटी अनुभवावरच ठरते. मग साधनाने नेमके काय सांगितले, असा प्रश्न पडतोच.

तरीही मी ते बंद केलेले नाही. ‘मॅडम, रिस्क किती टक्के?’ असे यजमान विचारतात तेव्हा ‘थोडीफार असतेच’ या उत्तरापेक्षा पडद्यावरची पट्टी अधिक सभ्य वाटते. वजन, धूम्रपान आणि श्वासाचा त्रास यांचे ओझे ती बऱ्यापैकी दाखवते, आणि विडी सोडा हे माझे वर्षानुवर्षांचे तुणतुणे अशा वेळी प्रथमच ऐकले जाते. संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वीच्या संवादासाठी पाचपैकी चार गुण द्यायला माझी हरकत नाही. अ‍ॅड्रिनलच्या गाठीनंतरची गुंतागुंत ओळखण्यासाठी मात्र दोनच.

त्या बाईंचा निकाल छापून मी केसपेपरला लावला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर अतिदक्षता विभागातील सिस्टरांसाठी पेनाने लिहिले: रक्तशर्करा दर तासाला, उद्या सकाळपर्यंत, रक्तदाब नव्वदच्या खाली गेला तर आधी सलाइन, आणि मला फोन.