मसाई वस्ती आणि कॅमेरा: गेटजवळचा एक तास, कॉन्झर्व्हन्सीतला मुक्काम की लोंगिडो?

जुलै ते ऑक्टोबर या काळात मुंबईहून नैरोबीला जाणाऱ्या विमानात मराठी कानावर पडले नाही असे सहसा होत नाही. बहुतेकांच्या सहलपत्रिकेत मारा नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टचे कळप ठळक अक्षरांत असतात आणि मधल्या एखाद्या दुपारी ‘मसाई गावाला भेट, ऐच्छिक, खर्च वेगळा’ अशी एक ओळ असते. मसाई म्हणजे केनिया आणि टांझानियातले गुरे पाळणारे लोक. या ओळीवर खूण करावी की नाही, केली तर तो एक तास पुरतो की त्यासाठी वेगळ्या ठिकाणी मुक्काम करावा, हा प्रश्न ज्यांच्या गळ्यात कॅमेरा असतो त्यांना विशेष पडतो. मी केनियातल्या मसाई मारा राखीव क्षेत्राच्या गेटजवळच्या गावांत दोनदा, तिथल्याच एका कॉन्झर्व्हन्सीत (मसाईंनी पर्यटनासाठी भाड्याने दिलेल्या जमिनींवरचे वन्यजीव क्षेत्र) एकदा आणि टांझानियातल्या लोंगिडोला एकदा जाऊन आलो आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: ‘अस्सल गाव कोणते’ या चौकशीतून फारसे हाती लागत नाही, फरक पडतो तो तिथे मिळणाऱ्या वेळेमुळे.

माराच्या सेकेनानी किंवा तालेक गेटच्या बाहेर असलेल्या गावांमधली भेट साधारण तासाभराची असते आणि तिचा क्रम ठरलेला असतो. तरुणांची रांग गात गात सामोरी येते, एकजण पुढे होऊन गाण्याची ओळ उचलतो, बाकीचे घशातून सूर धरतात आणि मग ‘अदुमू’ म्हणजे उड्यांचा नाच सुरू होतो, ज्यात अंग ताठ ठेवून आणि टाच जमिनीला न टेकवता जास्तीत जास्त उंच जायचे असते. त्यानंतर मऊ लाकडाच्या फळीवर कठीण काडी घुसळून विस्तव पाडून दाखवतात. ठिणगी सुक्या शेणाच्या भुग्यात पडते आणि फुंकर मारताच धूर निघतो. मग दोघा-तिघांच्या गटाने एखाद्या घरात नेतात आणि शेवटी कुंपणामागे गोलाकार मांडलेल्या मण्यांच्या बाजारात सोडतात. या बाजारातल्या काही वस्तू गावातल्या बायकांनी ओवलेल्या असतात, तर काही नैरोबीच्या घाऊक बाजारातून आलेल्या असतात. ज्या माळेला ३,००० शिलिंग सांगितले जातात ती घासाघीस करून निम्म्यात मिळते, मात्र ती कोणी ओवली हे विचारले तर भाव कमी होवो न होवो, बोलणे तरी सुरू होते.

या भेटीला ‘नाटक’ म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. नाचणारी मुले त्याच गावची असतात, घरात खरोखर कोणी तरी राहत असते आणि पाहुण्याला काय दाखवायचे व काय नाही हे गावाने आपले आपण ठरवलेले असते. केनियाच्या २०१९ च्या जनगणनेत मसाईंची संख्या सुमारे ११ लाख ९० हजार होती. त्यांच्यात शिक्षक आहेत, वकील आहेत, मोबाइलवरून पैसे पाठवणारे गुराखी आहेत. गेटजवळच्या तरुणाच्या मनगटावरचे घड्याळ चौकटीबाहेर ठेवण्याची जी धडपड छायाचित्रकार करतात, खोटेपणा शोधायचाच असेल तर तो तिथे सापडेल. एक गोष्ट मात्र ओळखून असावी. सहलवाले प्रत्येक गावाला ‘मन्याटा’ म्हणतात, पण मसाईंच्या भाषेत कुटुंबाची वस्ती म्हणजे ‘एन्कांग’ आणि ‘एमन्याटा’ म्हणजे तरुण योद्ध्यांचा, मोरानांचा, खास तळ. युनोटो हा मोरानांना प्रौढत्वाच्या वाटेवर नेणारा विधी एका वयोगटाच्या वाट्याला एकदाच येतो आणि त्याला वर्षानुवर्षांचे अंतर असते. एन्किपाटा, युनोटो आणि ओल्न्गेशेर या वयाच्या टप्प्यांवरच्या तीन विधींची नोंद युनेस्कोने २०१८ साली तातडीने जतन करण्याच्या यादीत केली. त्यामुळे ‘रोज दुपारी तीनला युनोटो’ असे कोणी विकत असेल, तर तो नाचाचा कार्यक्रम आहे असे समजून पाहावा.

गेटजवळच्या भेटीची खरी अडचण पैशांच्या वाटेत आहे. आमच्या पहिल्या सहलीत माणशी ३० डॉलर चालकाने गोळा केले. परतताना गावातल्या एका तरुणाने, आम्ही विचारले म्हणून, गावाला प्रत्यक्षात मिळणारी रक्कम सांगितली, ती निम्म्याहूनही कमी होती. तेव्हापासून मी पैसे गावाच्या म्होरक्याच्या हाती, सर्वांसमक्ष देतो आणि चालकाची बक्षिसी वेगळी देतो. दुसरी गोष्ट हिशेबाची. २०२४ पासून मारा राखीव क्षेत्राचे परदेशी प्रौढांसाठीचे शुल्क जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर, तेही १२ तासांसाठी, असे झाले आहे. तिकीट काढून आत गेल्यावर त्यातला तास-दीड तास बाहेरच्या गावात घालवणे परवडत नाही, म्हणून नैरोबीहून पोचण्याच्या दिवशी, आत शिरण्यापूर्वीच, गाव उरकलेले बरे. गैरसोय अशी की त्या वेळी दुपार टळलेली नसते आणि विषुववृत्ताजवळचे ऊन थेट डोक्यावरून येते.

कॉन्झर्व्हन्सी ही व्यवस्था निराळी आहे. राखीव क्षेत्राच्या उत्तरेला व पूर्वेला मसाईंच्या सामाईक जमिनींची खासगी तुकड्यांत वाटणी झाल्यावर कुंपणे पडू लागली, तेव्हा जमीनमालकांनी आपले तुकडे एकत्र करून पर्यटन कंपन्यांना भाडेपट्ट्याने द्यावेत आणि दरमहा ठरलेले भाडे घ्यावे, अशी रचना पुढे आली. ओलारे ओरोक २००६ साली, मारा नॉर्थ २००९ साली आणि नाबोइशो २०१० साली उभी राहिली. एकट्या नाबोइशोत सुमारे ५०,००० एकर जमीन आणि पाचशेहून अधिक जमीनमालक आहेत. येथे वाहनांची संख्या मर्यादित असते, पायी फिरता येते, रात्री सफारी करता येते आणि ठरवून दिलेल्या भागांत गुरेही चरतात, जे राखीव क्षेत्रात चालत नाही. छायाचित्रकाराच्या दृष्टीने मोठा फायदा असा की तुमचा वाटाड्या बहुधा तिथलाच मसाई असतो आणि तो तुम्हाला मावशीच्या किंवा चुलत्याच्या वस्तीवर घेऊन जाऊ शकतो.

आम्हाला आमच्या वाटाड्याने पहिल्या संध्याकाळी नेले ते कॅमेरा तंबूतच ठेवायला सांगून. चहा झाला, गुरांची चौकशी झाली, वडीलधाऱ्या माणसापुढे मुले मान वाकवून उभी राहतात आणि तो त्यांच्या डोक्यावर हात टेकवतो हे पाहिले. दुसऱ्या दिवशी साडेसहाला, उन्हाची पहिली तिरीप बाभळीच्या काटेरी कुंपणावर येत असताना, आम्ही कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा कोणी वळूनही पाहिले नाही. घरधनीण धार काढत होती. आधी तिने वासराला लुचू दिले, गाईने पान्हा सोडला, मग वासराला गुडघ्याने बाजूला सारून ती भोपळ्याच्या अरुंद तोंडाच्या तुंब्यात धार धरू लागली. हा तुंबा रानटी ऑलिव्हच्या जळत्या काडीने आतून घासून, धुरी देऊन ठेवलेला असतो आणि दुधाला त्या धुराचा वास येतो. गाणे नाही, रांग नाही, लाल शुकाही (अंगावर गुंडाळायचे मसाई कापड) नव्हती. तिच्या अंगावर फिकट निळे कापड आणि पायात टायरच्या रबराच्या चपला होत्या. चार सहलींतले माझे सर्वांत चांगले छायाचित्र तेच आहे.

घरे बांधण्याचे काम बायकांचे असते. फांद्यांचा सांगाडा, त्यावर शेण, माती आणि राख यांचा गिलावा. आत गेल्यावर येणारा सारवणाचा वास आपल्याकडच्या कोणाला परका वाटणार नाही. माझी पत्नी आत चुलीपाशी बायकांमध्ये तासभर बसली आणि मला बाहेर म्हाताऱ्यांबरोबर बसवले गेले. बरोबर स्त्री असेल, तर मसाई घराची जी बाजू दिसते ती केवळ पुरुषांच्या गटाला दिसत नाही, हे निवड करताना लक्षात घ्यावे.

मग सगळ्यांनी कॉन्झर्व्हन्सीतच का जाऊ नये? कारण खर्च. तिथले मुक्काम बहुधा दर रात्री माणशी शेकडो डॉलरचे असतात. वीस-पंचवीस जणांच्या गटाला तिथे सोयीचे होत नाही, आणि शुद्ध शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असेल तर ते आधी कळवून पक्के करावे लागते. घरून चिवडा नेणाऱ्यांनी तो डब्यात न्यावा, कारण केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे. शिवाय कॉन्झर्व्हन्सीचे भाडे ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांना मिळते आणि सातबारासारख्या कागदावर नाव बहुधा पुरुषाचेच असते. वस्तीवरच्या बाईला तुमच्या मुक्कामातून काय मिळते हा प्रश्न तिथेही उरतोच. मण्यांचे काम थेट तिच्याकडून घेणे हा त्यातला छोटा पण नक्की मार्ग आहे.

टांझानियाचा बेत असेल तर प्रश्न बदलतो. न्गोरोन्गोरो संरक्षित क्षेत्र १९५९ साली सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानापासून वेगळे काढले गेले ते वन्यजीव आणि मसाई दोघांनी तिथे राहावे या कल्पनेने. आज मात्र तिथल्या लोकांना हांडेनी जिल्ह्यातल्या म्सोमेरा येथे हलवण्याची सरकारी योजना २०२२ पासून चालू आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये हजारो मसाई त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. न्गोरोन्गोरोच्या ज्वालामुखी विवराच्या वाटेवरच्या दाखवायच्या गावात दर वाहनामागे शुल्क घेतात, भेट अर्ध्या-पाऊण तासात आटोपते आणि यजमानांच्या मनावर जे ओझे असते त्याचा उल्लेखही होत नाही. त्याविषयी कॅमेऱ्यासमोर खोदून विचारू नये, त्रास त्यांना होतो. याच रस्त्याच्या कडेला काळी वस्त्रे घातलेली, चेहऱ्यावर पांढरी नक्षी काढलेली मुले उभी दिसतात. नुकतीच सुंता झालेल्या मुलांचा तो वेष खरा आहे, पण पैशांसाठी शाळा बुडवून रस्त्यावर उभी राहणारी मुलेही त्यांत असतात. गाडी थांबवून त्यांचे छायाचित्र घेणे मी पूर्ण टाळतो.

त्यापेक्षा अरुशा शहराहून केनियाच्या सीमेवरच्या नामांगाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे ८० किलोमीटरवर असलेले लोंगिडो मला कितीतरी पसंत पडले. इथे स्थानिक सांस्कृतिक पर्यटनाची व्यवस्था आहे, मसाई वाटाड्याबरोबर २,६०० मीटरहून उंच असलेला लोंगिडो डोंगर चढता येतो, वस्तीवर जेवता येते आणि आठवडी गुरांच्या बाजारात फिरता येते. या बाजारात तुम्ही कोणाच्याच खिजगणतीत नसता, सगळ्यांचे लक्ष बैलाच्या दातांकडे असते. सिंह-चित्ते पाहण्याची हमी इथे नाही आणि राहण्याची सोय साधी आहे. ज्यांना फक्त माणसे पाहायची आहेत आणि खर्च आटोक्यात ठेवायचा आहे, त्यांच्यासाठी ही जागा गेटजवळच्या गावापेक्षा निश्चित सरस आहे.

कॅमेऱ्याचे म्हणाल तर तिन्ही ठिकाणी अडचणी सारख्याच आहेत, फक्त गेटजवळ त्या सुधारायला वेळ मिळत नाही. उजळ आकाशापुढे उभ्या माणसाचा चेहरा कॅमेरा काळवंडून टाकतो, आणि तोच सावळा चेहरा चौकट भरून घेतला तर कॅमेरा नको तितका उजेड घेऊन कातडीची झळाळी राखाडी करून टाकतो. दोन्ही वेळा चेहऱ्यावरून मोजून एक्स्पोजर हाताने ठरवावे. लाल शुका उन्हात इतकी भडक होते की कापडाची वीण नाहीशी होते, त्यामुळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर लाल रंगाचा आलेख (हिस्टोग्राम) वेगळा पाहावा. घराच्या आत तळहाताएवढ्या झरोक्यातून उजेड येतो, तिथे ३५ मिमीची एफ १.८ लेन्स आणि ३२०० च्या पुढचा आयएसओ लागतो. फ्लॅश मारला तर धूर पांढरा होऊन चित्र बिघडतेच, शिवाय चुलीपाशी बसलेल्या म्हातारीचे डोळे दिपतात. सिंहांसाठी आणलेली १००-४०० लेन्स गाडीतच राहू द्यावी.

परवानगीबाबत एक गैरसमज सर्रास दिसतो, की गावाचे शुल्क भरले म्हणजे प्रत्येकाचा चेहरा आपला झाला. ते शुल्क गावात शिरण्याचे असते. ‘सोपा’ म्हणून अभिवादन करावे, कॅमेरा दाखवून थांबावे, नकार आला तर ‘आशे ओलेंग’ म्हणजे ‘फार आभार’ म्हणून पुढे व्हावे. मुलांसाठी त्यांच्या आईला विचारावे आणि गोळ्या-चॉकलेटे वाटू नयेत. छायाचित्र पुढे विकायचे किंवा जाहिरातीला द्यायचे असेल तर वाटाड्यामार्फत लेखी संमती आणि मोबदला दोन्ही ठरवावे. कॉन्झर्व्हन्सीत हे संध्याकाळी चहावर निवांत होते, गेटजवळ ते घाईत उरकले जाते. ड्रोन मुळात नेऊच नये, परवानगीशिवाय तो विमानतळावरच अडतो.

तेव्हा आईवडील, मुले आणि पाच दिवसांची ठरलेली सहल असेल तर गेटजवळचे गाव घ्यावे, पैसे हातोहात द्यावेत आणि पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेवावा; मुलांना विस्तव पाडण्याचा प्रयोग फार आवडतो. छायाचित्रांसाठीच जात असाल तर माराच्या राखीव क्षेत्रातले दोन दिवस कमी करून त्या पैशांत कॉन्झर्व्हन्सीतल्या दोन रात्री घ्याव्यात, आणि एका रात्रीवर समाधान मानू नये, कारण पहिली संध्याकाळ ओळखीतच जाते. आरक्षण करण्यापूर्वी त्या मुक्कामाला पत्र लिहून विचारावे, की वाटाड्या कोणत्या वस्तीचा आहे, पहाटे धार काढण्याच्या वेळी तिथे जाता येईल का, आणि छापलेली छायाचित्रे पाठवली तर ती घरापर्यंत कोण पोचवील. शेवटच्या प्रश्नाला उत्तर म्हणून एखाद्या माणसाचे नाव आले तर पैसे भरायला हरकत नाही.