घरची कणगी की गावाची बियाणे बँक?

आपत्तीची तयारी म्हटलं की दोरखंड, बॅटरी, औषधं, पिण्याचं पाणी अशी यादी होते. शेतीवर जगणाऱ्या गावाच्या यादीत बियाणंही हवं. पूर ओसरून शेतात वापसा आला, म्हणजे माती पेरणीजोगी झाली, की दुबार पेरणीला मोजकेच दिवस मिळतात. त्याच वेळी सगळा भाग बाजाराकडे धावतो आणि हाती येईल ते वाण घ्यावं लागतं. म्हणून बी आधीच साठवून ठेवायचं: घरच्या कणगीत, नाहीतर गावाच्या सामूहिक कोठारात, म्हणजे बियाणे बँकेत.

घरी साठवण्याची मोठी सोय म्हणजे कुणाला विचारावं लागत नाही. आपल्या रानात कोणतं वाण तग धरतं हे आपल्याला ठाऊक असतं आणि पाऊस झाला की लगेच तिफण चालू करता येते. पण घरात पाणी शिरलं की बियाणंही जातं. लागोपाठ दोन हंगाम बुडाले तर कणगीतलं बी दळायलाही निघतं. पोरं उपाशी असताना तसं करणाऱ्याला दोष देववत नाही. म्हणूनच मला काही बियाणं घराबाहेर असावंसं वाटतं.

गावाचं कोठार उंचावर बांधता येतं आणि त्यातलं बी एकट्याच्या अडचणीपायी संपत नाही. घेतलेलं सुगीनंतर सवाईने, म्हणजे सव्वापट, परत करायचं, एवढ्यावर साठा वाढत जातो. इथली अडचण माणसांची आहे. किल्ली कुणाकडे? ओलसर बी परत आणणाऱ्या भावकीतल्या माणसाला नाही कोण म्हणणार? एक दमट पोतं आत गेलं की बुरशी आणि कीड शेजारच्या पोत्यांपर्यंत पोचते. शिवाय पूर आला की सगळे एकाच वेळी मागतात, म्हणून कुणाला किती द्यायचं हे आधीच लिहून ठेवावं लागतं.

ओलावा दोन्हीकडे सारखाच घातक. बियाण्यातला ओलावा १ टक्क्याने कमी झाला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं आणि साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सियसने उतरलं तरीही तसंच, असा बियाण्यांचे अभ्यासक हॅरिंग्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा ठोकताळा आहे. ओलावा पाहण्याची सोपी रीत अशी: कोरड्या काचेच्या बरणीत तव्यावर भाजून गार केलेलं मीठ आणि बी घालायचं, झाकण लावून हलवायचं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, बी अजून वाळवायला हवं. मीठ चिकटलं नाही म्हणजे बी पुरेसं वाळलं असं मात्र नाही. जास्त दिवस ठेवायचं तर त्याहून बरंच कोरडं लागतं. ही परीक्षा बँकेच्या दारातच, सगळ्यांसमोर घेतली की भांडणं कमी होतात.

संकरित वाणाचं बी दोन्हीकडे ठेवून उपयोग नाही, पुढच्या पिढीत ते तसंच उतरत नाही. सोयाबीनचं साल पातळ, पोतं आपटलं तरी उगवण घटते. ते एका हंगामापुरतंच धरावं.

नॉर्वेतलं स्वालबार्डचं बियाणे कोठार २००८ मध्ये सुरू झालं. सीरियात अलेप्पोजवळ काम करणाऱ्या इकार्डा या संशोधन संस्थेने आपल्या वाणांचे जोडनमुने, म्हणजे त्याच बियाण्याचा दुसरा संच, स्वालबार्डला ठेवले होते. युद्धामुळे अलेप्पोजवळचं काम अशक्य झाल्यावर २०१५ मध्ये संस्थेने ते परत मागवले आणि लेबनॉन व मोरोक्कोत पुन्हा वाढवले. कोठार कितीही पक्कं असो, दुसरा साठा दूर होता म्हणून वाण वाचले.

गाव पूररेषेत असेल, तर मी आधी सामूहिक कोठाराला हात घालेन, तेही उंचावर जागा मिळत असेल तरच. पुराच्याच पातळीवर बांधलेल्या बँकेपेक्षा वरच्या गावातल्या पाहुण्यांकडे ठेवलेले दोन डबे जास्त भरवशाचे. दुष्काळी भागात पाण्याने बी जात नाही, ते खाण्यात जातं. तिथे निम्मं घरी आणि निम्मं बँकेत ठेवावं. गावात हिशेबावरून आधीच फाटाफूट असेल, तर चार-पाच घरांनी मिळून सुरुवात करावी. बी कुठेही असो, पेरणीच्या तीन आठवडे आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजा. ७० च उगवले तर बियाण्याचं प्रमाण वाढवायला तेवढे दिवस पुरतात.