कानबाईची रात्र की वैशाखातली हळद: ॲक्टिव्ह स्पीकर घ्यावा की ॲम्पवाले डबे?

नागपंचमीनंतरचा रविवार, म्हणजे खानदेशातल्या कानबाई देवीचा रात्रभर गाण्यांचा सण, जवळ आला की अमळनेर-चोपड्याकडून हमखास विचारणा येते, "भाऊ, साउंडचा मिक्सर तर घेतला, आता पुढे काय जोडू?" मी उलट विचारतो, वाजवणार कुठे, घरात की उन्हात?

मिक्सरच्या मेन आउटमधून जेमतेम सव्वा व्होल्ट निघतो. ८ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा) स्पीकरच्या डब्यात २०० वॉट घालायचे तर ४० व्होल्ट हवेत. म्हणून मध्ये सिग्नल मोठा करणारा ॲम्प (ॲम्प्लिफायर) लागतोच. ॲक्टिव्हमध्ये तो डब्याच्या पोटात असतो, पॅसिव्हला बाहेरून द्यावा लागतो. बाकी सगळा फरक इथूनच सुरू होतो.

ॲक्टिव्हला मिक्सरपासून तीन पिनांची एक्सएलआर केबल न्या. दोन तारांत एकच सिग्नल उलटसुलट जातो, वाटेत शिरलेली गुणगुण पलीकडे आपसांत कटते. तीस मीटरलाही काळजी नाही. साधी मोनो जॅकवाली कॉर्ड मात्र पाच-सहा मीटरच्या पुढे नको. स्पीकरमागचं बटण 'लाइन'वर ठेवा, 'माइक'वर राहिलं तर आवाज फाटतो. अडचण एकच, प्रत्येक डब्यापाशी प्लग हवा. मिक्सर आपल्या घरच्या बोर्डावर आणि स्पीकर शेजाऱ्याच्या, असं झालं की अर्थिंगच्या फेऱ्यातून घूंऽऽ सुरू. मग कोणीतरी शहाणा अर्थची पिन तोडतो. तसं करू नका, शॉक बसेल. सगळं एकाच बोर्डावरून घ्या.

पॅसिव्हला डब्याकडे एकच वायर जाते, पण ती जाड हवी. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर २० मीटर नेली तर जाऊन-येऊन अर्धा ओहम होतो. ८ ओहमचे दोन डबे समांतर जोडले की ४ ओहम उरतात, म्हणजे दहावा हिस्सा वायरीतच जातो. तिसरा जोडला की ओहम आणखी घटतात, म्हणून त्याआधी ॲम्पच्या पाठीवर किमान किती ओहम लिहिलेत ते वाचा.

एवढं वाचून ॲक्टिव्हच बरा वाटेल. मलाही वाटला होता. मग भुसावळकडे वैशाखातल्या एका हळदीला दुपारी दोन वाजता माझा ॲक्टिव्ह तापून गप्प झाला आणि वऱ्हाडी माझ्याकडे बघत राहिले. पॅसिव्ह डबा उन्हात उभा राहतो, ॲम्प मंडपाच्या सावलीत पंख्यापुढे बसतो.

देवळावर १०० व्होल्ट लाइनचे (लांब वायरीवर बरेच भोंगे चालवायची पद्धत) भोंगे आधीच असतील तर मिक्सरचा आउट त्यांच्या ॲम्पच्या लाइन इनपुटला द्या. त्या १०० व्होल्टच्या टर्मिनलला ८ ओहमचा डबा कधीच लावू नका.

माझं मत सांगतो. रात्रभर घरात गाणी म्हणणाऱ्या मंडळाने दोन ॲक्टिव्ह घ्यावेत. लग्नसराईवर पोट असलेल्याने ॲम्प आणि पॅसिव्ह डबे. दोन्हींत मिक्सर आधी चालू करा, ॲम्प किंवा स्पीकर शेवटी. बंद करताना उलट. नाहीतर 'धप्प' होऊन पाळण्यातलं बाळ उठतं.