पडू नये म्हणून फिजिओथेरपी : नौपाड्यातील एका केंद्राविषयी

नौपाड्यातील एका फिजिओथेरपी केंद्रात आम्ही सासूबाईंना उन्हाळ्यापासून नेत आहोत. त्यांचे वय 77 आहे आणि गुडघेदुखी जुनीच आहे. पण केंद्राची पायरी चढलो ते गुडघ्यांसाठी नव्हे, तर वर्षभरात त्या घरातल्या घरात दोनदा पडल्या म्हणून. दोन्ही वेळा हाड शाबूत राहिल्यामुळे घरात कोणी त्याची फारशी दखल घेतली नव्हती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मात्र वर्षात दुसऱ्यांदा पडणे ही तपासण्याची बाब असल्याचे बजावले आणि तोल व पायांचे बळ यांवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. केंद्राचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत.

पहिल्या भेटीचा जवळजवळ सगळा वेळ तपासणीत गेला आणि माझ्या मते या केंद्राची सर्वांत जमेची बाजू तीच आहे. खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे, एवढी साधी चाचणी घड्याळ लावून घेतली गेली. यास 12 सेकंद किंवा त्याहून अधिक लागले तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. त्यानंतर हात छातीवर दुमडून 30 सेकंदांत किती वेळा उठता-बसता येते ते मोजले. 75 ते 79 या वयोगटातील स्त्रीला दहा वेळाही जमले नाही, तर पायांचे बळ सरासरीपेक्षा कमी धरतात. सासूबाईंना सहा वेळा जमले, आणि तेवढ्यातही दोनदा हात नकळत खुर्चीच्या दांड्याकडे गेला. शेवटी एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावून दहा सेकंद उभे राहण्यास सांगितले. त्या चारच सेकंदांत डगमगल्या.

याच भेटीत झोपवून आणि मग उभे करून रक्तदाब मोजला गेला, ही गोष्ट मला विशेष वाटली. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस कोसळू शकतो. सासूबाईंचा वरचा आकडा त्याहून अधिक उतरला. थेरपिस्टने त्यावर स्वतः काही न सुचवता, चालू गोळ्यांच्या यादीसह एक चिठ्ठी लिहून आम्हाला डॉक्टरांकडे परत पाठवले आणि डॉक्टरांनी गोळीची मात्रा बदलली. नुसत्या व्यायामाने ही गोष्ट सुधारली नसती. झोपेच्या गोळ्यांची चौकशी झाली आणि चश्म्याचीही, कारण दुहेरी भिंगाच्या चश्म्याच्या खालच्या भागातून जिन्याची पायरी धूसर दिसते.

आपल्याकडे फिजिओथेरपी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शेक आणि मशीन येते. म्हातारे माणूस पलंगावर आडवे आणि गुडघ्यावर पट्टे. दुखणे हलके करण्यासाठी त्याचा उपयोग होत असेल, पण आडवे पडून तोल सुधारत नाही. पडणे कमी करायचे तर उभ्याने, थोडे डळमळायला लावणारे आणि हळूहळू अवघड होत जाणारे व्यायाम हवेत. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या ओटागो कार्यक्रमात पायांचे बळ आणि तोल यांचे 17 व्यायाम व चालणे एवढेच आहे, आणि त्याच्यावरील संशोधन-चाचण्यांत पडण्याचे प्रमाण सुमारे 35 टक्क्यांनी घटले होते. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात अशा 108 चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. त्यांत सर्व प्रकारचे व्यायाम मिळून ही घट 23 टक्के भरली. नौपाड्यातील हे केंद्र याच वाटेने जाते.

तेथील तास मी कोपऱ्यात बसून पाहिला आहे. फरशीवर चिकटपट्टीची सरळ रेघ आहे, तिच्यावरून टाच-बोट जुळवत चालायचे असते, आणि थेरपिस्ट कमरेच्या पट्ट्याला हात घालून अर्धे पाऊल मागे राहते. धरून ठेवत नाही, पण सोडतही नाही. घोट्याला वजनाचे पट्टे बांधून पाय मागे-बाजूला उचलणे, चवड्यांवर उभे राहणे, फोमच्या गादीवर उभे राहून मान वळवणे हे सगळे होते. नंतर तिने "आजी, चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करत या" असे सांगितले. सासूबाई शिक्षिका होत्या, त्यामुळे सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव हे झरझर आले. पण एक्याण्णवला पाय जागीच थांबले. बोलायला लागले की ज्यांचे पाय थांबतात, त्यांना पडण्याचा धोका अधिक असतो, हे या क्षेत्रात बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. घरी फोन वाजला म्हणून लगबगीने उठणारी म्हातारी माणसे का धडपडतात, याचा उलगडा मला तिथे झाला.

पडल्यावर जमिनीवरून कसे उठायचे, हेही येथे शिकवतात: आधी कुशीवर वळायचे, मग कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर येऊन खुर्चीपर्यंत सरकायचे, आणि एक पाऊल रोवून, खुर्चीवर भार देत वर यायचे. हे शिकण्यास सासूबाईंनी पहिल्यांदा ठाम नकार दिला, कारण "मुद्दाम खाली कशाला पडायचे?" थेरपिस्टने घाई केली नाही; जमिनीवर सतरंजी घातली आणि आधी स्वतः करून दाखवले.

घरभेट वेगळे पैसे देऊन मिळते आणि ती एकदा तरी घ्यावी. आमच्या बाथरूमच्या दारातील घसरणारे पायपुसणे, मोरीचा ओला उंबरठा, रात्री दिव्याच्या बटणापर्यंत अंधारात जावे लागणे आणि पायात अडकणारा लांब गाऊन, एवढे सगळे अर्ध्या तासात दाखवून दिले गेले. कमोडजवळचा आधाराचा दांडा आम्ही टॉवेलच्या दांडीवर भागवत होतो. ती दांडी माणसाचा भार पेलण्यासाठी नसते.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार पॅकेजची. केंद्र दहा बैठकांचे पॅकेज पुढे करते आणि दहा बैठका संपल्या की काम झाले, असा समज होऊ देते. ज्येष्ठांचे पडणे टाळण्याविषयीच्या 2022 च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनुसार असे व्यायाम आठवड्यातून किमान तीनदा, किमान 12 आठवडे आणि त्यानंतरही चालू राहिले पाहिजेत. म्हणजे दहा बैठकांत फक्त शिकणे होते. खरा व्यायाम घरीच व्हायचा असतो, आणि त्या घरच्या व्यायामाकडे केंद्राचे लक्ष सर्वांत कमी आहे. दिलेला कागद इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत होता. तो मी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर लावला, कारण सासूबाई चवड्यांवर उभे राहण्याचा व्यायाम कट्ट्याला धरून, चहा उकळेपर्यंत करतात. काउंटरवरील मुलगी गुडघ्यांसाठी मशीनची जोड घेण्याचा आग्रह दर वेळी करते; नम्रपणे नाही म्हणावे.

दुसरी तक्रार ऐकून हसू येईल. पडू नये म्हणून येणाऱ्या माणसांच्या या केंद्राला दारात गुळगुळीत ग्रॅनाइटच्या तीन पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. पावसात तेथे छत्री, पिशवी आणि सासूबाई अशी तिहेरी कसरत करावी लागते. थेरपिस्टही मधेच बदलते, आणि नव्या व्यक्तीने वजनाचे पट्टे पुन्हा हलक्यावर आणले, तेव्हा मागची नोंद दाखवून द्यावी लागली.

एका बैठकीचे 600 रुपये आणि घरभेटीचे 900 रुपये घेतात. साध्या मेडिक्लेममध्ये बाहेरून घेतलेली फिजिओथेरपी बहुधा बसत नाही, तेव्हा हा खर्च खिशातूनच धरावा. अशा कोणत्याही केंद्रात जाण्यापूर्वी फोनवर दोन गोष्टी विचाराव्यात: पहिल्या दिवशी तोलाची चाचणी मोजून लिहून देता का, आणि ती पुन्हा केव्हा घेता. थेरपिस्टची महाराष्ट्र राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही विचारण्यात संकोच नसावा. येथे चाचण्यांचे आकडे फाइलमध्ये लिहून मिळाले. उठ-बस सहावरून दहावर आली आहे, टाच-बोट जुळवून उभे राहणे मात्र अजून आठ सेकंदांवर अडले आहे. संध्याकाळी सहानंतर खेळाडू आणि पाठदुखीवाले नोकरदार यांची गर्दी होते आणि तास आखडतो. ज्येष्ठांना सकाळी अकराच्या सुमारास नेणे बरे.